ताटलीतली काळी रेघ

तारळेकर सरांनी आयुष्यात कधी कोणाची पत्रिका पाहिली नाही आणि स्वतःची कोणाला दाखवली नाही. सांगलीच्या शाळेत त्यांनी पिढ्या घडवल्या त्या एकाच वाक्यावर. कोणताही प्रयोग सुरू करण्याआधी ते फळ्यावर लिहायचे, ‘जसं दिसेल तसं लिहा, जसं हवं तसं लिहू नका.’ असा हा माणूस कोल्हापुरात, होणाऱ्या विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात, कोणाचं लक्ष नाही असं बघून बसल्या स्टुलाखाली हात घालतो, नखाने त्याचा कोपरा उकरतो आणि चिमूटभर भुसा रुमालात बांधून खिशात टाकतो, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. खुद्द सरांनाही वाटत नव्हतं. पण भुसा खिशात होता.

“चहात साखर कमी पडली का ओ, सर?” पल्लवीताई कोरगावकरांनी ओट्यापासून वळून विचारलं. “घाम आलाय की तुम्हाला.”

“नाही, नाही. झकास झालाय,” सर म्हणाले आणि त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

सरांवर ही पाळी का आली ते समजायला आधी मुरवणी समजून घ्यायला हवी.

तोवर मुरवणी घरोघरी आली होती. मोरीच्या कडेला ठेवलेलं, पाण्याच्या पिंपाएवढं यंत्र. त्याला दोन तोंडं. एका तोंडात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, शॅम्पूच्या बाटल्या टाकायच्या. आत त्यांचा बारीक चुरा होई. दुसऱ्या तोंडात भाजीची देठं, चहाचा चोथा, उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या. हे दोन्ही खाली एकत्र आलं की त्यात बुरशी सोडायची. प्लास्टिक म्हणजे रेणूंची लांबच लांब साखळी, आणि निसर्गातल्या कोणाला तिच्या कड्या सहसा तोडता येत नव्हत्या, म्हणून तर ते वर्षानुवर्षं उकिरड्यावर पडून राही. शास्त्रज्ञांनी या बुरशीत असे बदल केले, की तिच्या अंगातून पाझरणारा रस त्या कड्या कापू लागला. कापलेले तुकडे ती थोडे खाई आणि उरलेल्यांना आपल्या पांढऱ्या तंतूंनी गच्च आवळून टाकी. हा लगदा साच्यात भरून अंधारात ठेवला, की काही आठवड्यांत त्याचं स्टूल होई, फळी होई, पाट होई. मग वरून भट्टीची आच दिली की बुरशी मरून वस्तू टणक. खालची बाजू मात्र मुद्दाम कच्ची ठेवत. कधी तडा गेलाच, तर तिथे पाणी शिंपडायचं. बुरशी जागी होऊन तडा भरून काढी.

शास्त्रज्ञांनी आणखी एक हुशारी केली होती. घरोघरचा कचरा वेगळा, म्हणून ज्या घरात जाईल तिथल्या कचऱ्याप्रमाणे बदलेल अशी ही बुरशी घडवली होती. परिणाम असा झाला, की चार-सहा वर्षांत प्रत्येक घराची बुरशी निराळी झाली. मिरचीच्या देठांवर वाढलेली वेगळी, माशांच्या काट्यांवर पोसलेली वेगळी. लोक तिला विरजण म्हणू लागले. नवं बिऱ्हाड थाटणारीला आई दह्याच्या विरजणाबरोबर या विरजणाचीही वाटी देऊ लागली.

इथवर सगळं छान होतं. पण आपल्या लोकांच्या हाती एखादी गोष्ट लागली आणि तिचा लग्नाशी संबंध जोडला गेला नाही, असं कधी झालंय?

कोणाच्या तरी ध्यानात आलं, की दोन घरांची विरजणं एका ताटलीत शेजारी शेजारी लावली तर कधी ती एकमेकांत मिसळून एकजीव होतात, तर कधी दोघांच्या मधोमध काजळासारखी काळी रेघ उमटते. झालं! वर्षभरात पत्रिका मागे पडली आणि ताटली पुढे आली. कोंड्याने भरलेल्या ताटलीच्या एका अर्ध्यात मुलीकडचं विरजण, दुसऱ्या अर्ध्यात मुलाकडचं. वर झाकण, झाकणावर कुंकवाचं बोट. आठवड्याने उघडायची. एकजीव झाली तर पेढे, रेघ उमटली तर ‘आमच्याकडून नकार समजावा’.

या ताटलीला कोल्हापुरात मान मिळवून दिला तो पल्लवीताई कोरगावकरांनी. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि ज्या गोष्टीच्या मागे लागतील तिचा पिच्छा पुरवायच्या. आणि त्यांच्या मंडळात येऊन ‘अखेर विवाहात विज्ञान आलं’ या विषयावर तासभर बोलून, शाल-श्रीफळ घेऊन गेले होते ते आपले तारळेकर सर. ग्रहताऱ्यांच्या जागी बुरशी आली याचंच त्यांना एवढं कौतुक वाटलं होतं, की बुरशीला तरी लग्नातलं काय कळतं हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही.

तो विचारला त्यांच्या लेकीने. मनवा मिरजेच्या एका कारखान्यात कचऱ्यापासून बसथांब्यांची बाकं घडवायची. साचे तिचे, नक्षी तिची. तिच्याच शेजारच्या टेबलावर शार्विल कोरगावकर काम करायचा, पल्लवीताईंचा एकुलता एक. दोघांचं जमलं होतं आणि ते दोन्ही घरांना मान्यही होतं. पल्लवीताई सांगलीला येऊन घर बघून गेल्या होत्या. सोफा रिकामा असताना “मला आपलं खालीच बरं वाटतं” म्हणून तासभर पाटावर बसल्या होत्या. एवढी मोठी बाई, पण गर्व म्हणून नाही, असं सरांच्या पत्नी, शर्वरीबाई, पुढे चार दिवस सांगत होत्या. त्याच आठवड्यात त्या पाटाचा कोपरा उंदराने कुरतडला, म्हणून त्यांनी पिंजराही आणला. उंदीर काही सापडला नाही.

आता फक्त ताटली राहिली होती.

“बाबा, तुम्हाला एक सांगू?” जेवताना मनवा म्हणाली. “रेघ येणारच.”

सरांचा घास हातात राहिला. “का?”

“वाण वेगळे असले की येतेच. बुरशीचे दोन तंतू भेटले की आधी एकमेकांना ओळखून बघतात. आपलाच वाण असला तर जोडले जातात. परका असला तर तिथल्या पेशी मरतात आणि दोन्ही बाजूंनी मेलॅनिनची भिंत घातली जाते. तीच ती रेघ. ज्यांच्या ताटल्या जुळतात ना, त्यांनी कधी तरी एकाच घरून विरजण नेलेलं असतं. बाकी काही नाही.”

“मग हे सांगायला नको का लोकांना?”

“तुम्ही सांगा की. शाल तुम्हाला मिळाली आहे.”

शर्वरीबाईंनी हसू दाबायला भाताचं पातेलं उचलून आत नेलं. मंडळात उभं राहून ‘मी बोललो ते चूक होतं’ म्हणायचं, तेही पल्लवीताईंच्या तोंडावर, हे सरांना जमणारं नव्हतं. आणि समजा सांगितलंच, तर त्या बाईचा अपमान होऊन लग्न मोडायचं. न सांगावं तर रेघ येऊन मोडायचं. मनवा वरून कितीही बेफिकीर दाखवत असली, तरी शार्विलचा फोन आला की ती गच्चीवर जाते आणि खाली येते तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असतो, हे बापाला दिसत होतं. तो उजेड जाऊ द्यायचा नव्हता.

म्हणून ते कोरगावकरांच्या घरचा भुसा खिशात घालून घरी आले. गच्चीवरच्या टाकीमागे एका डब्यात कोंडा ओला करून त्यांनी तो भुसा त्यात पेरला. हिशोब सरळ होता. ताटलीच्या आपल्या अर्ध्यात कोरगावकरांचं विरजण, त्यांच्या अर्ध्यातही कोरगावकरांचंच. जगातली कुठलीही बुरशी स्वतःशी भांडत नाही. डब्यात पांढरी साय धरली तेव्हा सरांना आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

ताटली कोल्हापुरात, कोरगावकरांच्या देवघरासमोर लागली. पल्लवीताईंनी आतून आपली वाटी आणली. ती त्यांनी पदराखाली झाकून का आणावी, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. सरांनी आपला डबा उघडला. शार्विलने कुंकवाचं बोट लावलं आणि सगळ्यांनी बासुंदी खाल्ली.

आठवड्याने तारळेकर मंडळी पुन्हा गेली. मंडळाच्या दोघी-तिघी साक्षीला आल्या होत्या, पेढ्यांचा खोका तयार होता. सर तर गाडीतून उतरतानाच गुणगुणत होते. पल्लवीताईही अशा खुशीत होत्या, की त्यांनी झाकण काढण्याआधीच एकीच्या हातावर पेढा ठेवला.

झाकण निघालं. ताटलीच्या मधोमध, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पट्टीने आखावी अशी काळीभोर रेघ होती.

“हे शक्य नाही!” सर ओरडले.

“हे होऊच शकत नाही!” त्याच क्षणी पल्लवीताईही ओरडल्या.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांच्या डोक्यात घण बसत होते. यांचंच विरजण, यांच्याच विरजणाशी भांडलं? मग विज्ञान गेलं कुठे? पण हे विचारायचं कसं? विचारायचं तर आधी रुमालाची गोष्ट सांगावी लागणार. समोर पल्लवीताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण साक्षीदार बायका त्यांच्याकडे बघत होत्या. या बाईने आजवर कितीतरी ताटल्यांचे निकाल दिले होते. कितीतरी आयांना ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणून समजावलं होतं. आता स्वतःच्या घरी कशी माघार घेणार?

“रेघ ती रेघ,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “नियम सगळ्यांना सारखा.”

“आई,” शार्विल म्हणाला.

“तू मध्ये बोलू नको.”

आणि तो खरंच बोलला नाही. मनवाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, ताटली उचलली आणि ती गाडीत जाऊन बसली. सांगली येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. घरात शिरताना एवढंच म्हणाली, “बुरशीचं सोडा, बाबा. माणसाने तरी तोंड उघडायचं ना.”

काही आठवडे गेले. गच्चीवर जाणारे फोन बंद झाले. मनवा उशिरापर्यंत कारखान्यात थांबू लागली. शाळेत सर फळ्याकडे वळले, खडू उचलला आणि ते नेहमीचं वाक्य काही त्यांच्या हातून उतरेना. ‘जसं दिसेल तसं’ एवढं लिहून ते थांबले. मुलांना वाटलं सरांना बरं नाही. सरांना खरंच बरं नव्हतं. आपण प्रयोगात खोट केली आणि तिची शिक्षा पोरीला झाली, हे एकच त्यांना दिवसरात्र खात होतं.

एका रविवारी मनवा बाहेर निघाली. हातात कोरगावकरांचा स्टीलचा डबा होता. मागे त्यातून लाडू आले होते.

“परत देऊन येते. उगीच त्यांची वस्तू आपल्याकडे नको.”

“रिकामा कसा देशील डबा?” आतून शर्वरीबाई सवयीने म्हणाल्या.

“रिकाम्या हाताने नाही जाणार,” मनवा म्हणाली. तिच्या काखेत कागदात गुंडाळलेल्या दोन लांब फळ्या होत्या.

सरांनी चपला घातल्या. “थांब. मी येतो. मलाही काही परत करायचं आहे.”

पल्लवीताईंनी दार उघडलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. स्वयंपाकघरात शार्विल तेच ते स्टूल घेऊन बसला होता. दोघांना बघून उठला आणि कुठे उभं राहावं हे न कळून पुन्हा बसला.

“ताई,” सर उभ्या उभ्याच म्हणाले, कारण बसलो तर बोलणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. “तुमचा मुलगा बसलाय ना, त्या स्टुलाचा खालचा कोपरा बघा. तो मी उकरला. ताटलीत मी लावलं ते आमचं विरजण नव्हतंच. तुमचं होतं. मी चोरलं.”

“बाबा!” मनवा म्हणाली.

शार्विलने स्टूल उलटं केलं. कोपऱ्यात नखाची खाच होती.

पल्लवीताई त्या खाचेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलू लागले. सरांना वाटलं, बाईला रडू कोसळलं. ते पाणी द्यायला माठाकडे वळले. तेवढ्यात पदराआडून असा काही खदखदता आवाज आला, की ते भांडं हातात घेऊन तसेच राहिले. बाई हसत होत्या.

“आणि तुमचा पाट?” हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “तो बघितलासा का? उजवीकडचा कोपरा?”

“तो उंदराने—” सर म्हणाले आणि थांबले.

“उंदीर नव्हता ओ, सर. मी होते. केसातल्या पिनेने उकरला. तासभर पाटावर काय हौसेने बसले होते काय? गुडघे आजही बोंबलतात! मला वाटलं, दोन्हीकडे तुमचंच लागलं म्हणजे जुळेलच.”

सर मनातल्या मनात ताटली मांडून बघत होते. माझ्या अर्ध्यात त्यांचं, त्यांच्या अर्ध्यात माझं. म्हणजे दोघांनी एवढी लबाडी करून शेवटी ताटलीत दोन्ही घरांची विरजणं प्रामाणिकपणे शेजारी शेजारी बसलीच. फक्त बाजू बदलून! विज्ञान जागच्या जागी होतं. सरांना एवढं हलकं वाटलं, की त्यांनी हातातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

“पण रेघ ती रेघच ना,” पल्लवीताई पुन्हा गंभीर झाल्या. “खरी असो, बदललेली असो. मंडळात काय तोंड दाखवू मी? ज्या पोरींची मोडली त्यांच्या आयांना काय सांगू?”

मनवाने कागद सोडला. फळीच्या मधोमध ती काळी रेघ होती. “ही त्याच ताटलीतून वाढवली. अर्धी तुमच्या बुरशीची, अर्धी आमच्या.” तिने दोन स्टुलं अंतरावर ठेवली, रेघ बरोबर मध्ये येईल अशी फळी त्यांवर आडवी टाकली आणि कागदातून दुसरी फळी काढून खाली ठेवली. “ही दुसरी एकाच विरजणाची. एकजीव. आधी हिच्यावर उभं राहा कोणी तरी.”

फळ्यांची अदलाबदल झाली. शार्विल पुढे आला. एकजीव फळीवर त्याने पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं, आणि ती मधोमध काडकन मोडली. तो ओट्याला धरून सावरला.

“आता रेघेची.”

शार्विल तिच्यावर चढला. फळी हूं की चूं करेना. तो तिथूनच, एवढ्या उंचावरून, आईकडे बघून म्हणाला, “आई, त्या दिवशी मी गप्प बसलो ती माझी चूक झाली. मी मनवाशीच लग्न करणार आहे. तू आलीस तर मला बरं वाटेल.” स्टुलावर उभं राहिल्याशिवाय या मुलाला कंठ फुटत नाही, असं मनवा नंतर कितीतरी वर्षं सांगायची. पण त्या क्षणी तिचे डोळे भरून आले होते.

पल्लवीताईंनी मुलाकडे पाहिलं, मग फळीकडे. “उतर खाली,” त्या म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, सरांच्या खांद्याचा आधार घेतला आणि स्वतः फळीवर चढल्या. ताई अंगाने भरभक्कम होत्या. फळी थोडी कुरकुरली, थोडी वाकली आणि तशीच राहिली.

“मोडत का नाही गं ही?”

“दोघंही आपापल्या बाजूने भिंत घालतात, काकू. त्यामुळे तिथे सगळ्यात दाट होतं. पाणीसुद्धा आत शिरत नाही. आमच्या कारखान्यात मुद्दाम दोन घरांची विरजणं लावतो आम्ही, बाकं टिकावीत म्हणून. मी बाबांना सांगितलं नव्हतं का? नाही, तेवढं राहिलंच सांगायचं.”

“तेवढंच सांगायचं होतं की पोरी!” पल्लवीताई वरून म्हणाल्या. मग हळूच खाली उतरून त्यांनी मनवाच्या हातातला स्टीलचा डबा घेतला, उघडला, रिकामा आहे हे बघितलं आणि त्यात ताटलीच्या दिवसापासून पडून राहिलेले पेढे भरायला घेतले. ते दगडासारखे झाले होते. तरी सगळ्यांनी एकेक खाल्ला.

पुढच्याच बैठकीत पल्लवीताईंनी मंडळात दोन्ही फळ्या नेल्या आणि सगळं खरं सांगितलं, पिनेसकट. सरांनीही शाल परत केली. मंडळाने ती ‘खरं बोलल्याबद्दल’ म्हणून त्यांना पुन्हा पांघरली. लग्नात मनवा आणि शार्विल होमाला बसले ते दोन्ही घरांच्या कचऱ्यातून घडवलेल्या जोडपाटावर. मधोमध काळी रेघ होती आणि मनवाने तिच्या दोन्ही बाजूंना वेलबुट्टी कोरली होती. जो तो वाकून बघत होता.

सरांना वाटलं, सुटलो. आता ताटली गेली, विज्ञान जिंकलं. ते पुन्हा फळ्यावर आपलं वाक्य पूर्ण लिहू लागले.

वर्षभराने एका संध्याकाळी शेजारच्या सुप्रियाबाई डोळे पुसत दारात उभ्या राहिल्या. “सर, आमच्या ईश्वरीची ताटली उघडली हो आज.”

“मग? काय झालं?”

“एकजीव झाली!” त्यांना हुंदका आला. “रेघेचं नावसुद्धा नाही. मुलाकडचे म्हणतात, रेघ नाही तर संसार टिकायचा नाही. पोरगी नुसती रडतीये. अजून एकदा लावून बघू म्हणतात, शेवटची. तुम्हीच सांगा काही तरी.”

सरांनी तोंड उघडलं. वाण, तंतू, पेशी, मेलॅनिन, सगळं जिभेवर आलं होतं. तासभर बोलता आलं असतं. मग त्यांना आतल्या खोलीत मोठ्याने रडणारी एक मुलगी ऐकू आल्यासारखी वाटली, आणि ती ईश्वरी होती की मनवा, हे त्यांना नीट कळेना.

ते मुकाट्याने आत गेले. जेवणघरातल्या पाटाचा उजवा कोपरा आधीच अर्धा गेला होता. राहिलेल्यातला चिमूटभर त्यांनी नखाने उकरला, रुमालात बांधला आणि बाहेर येऊन सुप्रियाबाईंच्या मुठीत दिला.

“हे आमचं विरजण, परकं. तुमच्या बाजूला लावा. चांगली ठसठशीत रेघ येईल,” ते म्हणाले. “आणि पोरीला सांगा, मुलाला आधी एकदा स्टुलावर उभा करून बघ.”